परतलेल्या माणसाला जागा



पुष्कळ वर्षे परमुलखात काढून माणूस मायभूमीला परत येतो, तेव्हा काय घडते, याचा थोडा विचार आज आपण करू. या विषयावर बोलणाऱ्याला एक मोह होतो. बंदर दिसले, मातीचा वास आला, डोळे पाणावले असे वर्णन करावे आणि श्रोत्यांचेही डोळे ओलावले की आपण खाली बसावे. त्या भावनेची थट्टा मला करायची नाही. ती खरी असते. पण ती बंदरापासून घराच्या दारापर्यंतची भावना आहे. दार उघडून आत गेल्यावर आठ दिवसांनी काय होते, वर्षाने काय होते, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर एकट्या परतणाऱ्याच्या हाती नसते. परत येणे हे दोघांचे काम आहे: जो येतो त्याचे, आणि ज्यांच्यात तो येतो त्यांचे. एवढी एकच गोष्ट मला आज आपल्यापुढे मांडायची आहे.

आपल्या शहराला हा विषय नवा नाही. येथून वेरुळच्या वाटेवर देवगिरीचा किल्ला लागतो. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे तेथे आणून बसवली आणि पुढे काही वर्षांनी त्यांना परत जाण्याची मोकळीक दिली. किती जण आले, किती वाटेत मेले आणि किती परत पोचले, याची मोजदाद कोणी ठेवली असेल? त्यानंतर १६१० साली मलिक अंबराने खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर. हा मलिक अंबर हबसाणात जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि हात बदलत बदलत दख्खनेत पोचला. त्याला घरी परतता आले नाही. त्याने येथेच नगर वसवले, जमिनीखालून नहर खेळवून त्या नगराला पाणी दिले, १६२६ साली तो वारला आणि खुलताबादेत त्याला मूठमाती मिळाली. बादशहा औरंगजेब १६८२ साली येथे आला, तोही उत्तरेकडे परत गेला नाही. पंचवीस वर्षांनी आजच्या अहिल्यानगरजवळ त्याचा शेवट झाला आणि त्याची कबरही खुलताबादेतच आहे. तो जिंकायला आलेला होता. त्याची आणि अंबराची बरोबरी मी करीत नाही. पण ज्यांना परतता आले नाही अशा माणसांची आठवण या गावाच्या मातीत आहे, हे ध्यानात ठेवून आपण ज्यांना परतता आले त्यांच्याकडे वळू.

जो गाव सोडतो, त्याच्या मनातले गाव त्याच दिवशी थांबते. पार तसाच, शाळा तशीच, आई त्याच वयाची. इकडे गाव काही कोणासाठी थांबत नाही. पार मोडतो, शाळेला मजला चढतो, आई म्हातारी होते. तिकडे तोही बदलतो. फक्त ते त्याला दिसत नाही. मग एक दिवस बदललेला माणूस बदललेल्या गावात येतो आणि दोघेही एकमेकांत जुनी ओळख शोधू लागतात. ती सापडली नाही की दोघांनाही फसवले गेल्यासारखे वाटते. हे नेहमीचे झाले. पण काही वेळा याहून कठीण प्रसंग येतो. येणाऱ्याच्या हातात काही मोलाची वस्तू असते आणि ती ठेवायला घरात जागाच नसते. अशी तीन माणसे मी आपल्यापुढे आणतो. तिघेही आपल्या महाराष्ट्राचे.

पहिल्या आनंदीबाई जोशी. जन्म १८६५चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि दहा दिवसांत ते मूल गेले. त्या दुःखातून या मुलीने डॉक्टर होण्याचे मनात घेतले. १८८३च्या फेब्रुवारीत कलकत्त्याजवळ श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केले. ही बाई समुद्र ओलांडणार, बाटणार, तिकडचीच होणार, असे लोक उघड बोलत होते. त्यांना उत्तर देताना आनंदीबाईंनी सांगितले की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येऊन माझ्या माणसांत राहीन. बोटीवर पाय ठेवण्याआधीच परतण्याचे वचन द्यावे लागलेली ही मुलगी तेव्हा अठराचीही नव्हती! तीन वर्षांनी, १८८६च्या मार्चमध्ये, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांना देऊ केले. नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या. वचन पाळले गेले, आणि जागाही तयार होती. पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पाठवण्यात आल्या आणि ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखे सांभाळले, त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत, पॉकीप्सी गावी, त्या ठेवलेल्या आहेत.

श्रोते हो, ही गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो आणि हळहळतो. पण तिच्यातला हिशेब आपण नीट मांडत नाही. ज्या वेळी आनंदीबाईंना मदतीची गरज होती, त्या वेळी रस्त्यातून जाताना त्यांच्या वाट्याला कुचेष्टा आली. आणि ज्या वेळी त्या परतल्या, त्या वेळी अभिनंदनाचा वर्षाव झाला. निरोप देताना जे हातचे राखले, ते स्वागत करताना भरून देता येत नाही. परतणाऱ्याचे स्वागत त्याच्या जाण्याच्या दिवसापासूनच सुरू व्हावे लागते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. अमेरिकेतून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तेथले शिक्षण अर्धवट टाकून १९१७च्या ऑगस्टात त्यांना मुंबईला परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. दुसऱ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात बोटीबरोबरच तळाशी गेली. मायदेशी परतणाऱ्या विद्वानाचे अर्धे घर असे वाटेतच बुडाले. उरलेले घर बडोद्यात मिळायचे होते.

बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. हिंदूंच्या खाणावळीत थारा नव्हता, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. माडीवरच्या मोठ्या दालनात अडगळ भरलेली होती. रात्री एका कंदिलाच्या उजेडात ते एकटेच वाचत बसत. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले असता काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावले. दोन ओळखीच्या घरी त्यांनी विचारून पाहिले. दोन्हीकडून निरनिराळ्या शब्दांत नकार आला. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला अवकाश होता. ते सारे तास त्यांनी शहराच्या कडेच्या सार्वजनिक बागेत काढले. पुढे जवळजवळ अठरा वर्षांनी हा प्रसंग लिहितानाही त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहत होते, असे त्यांनीच सांगितले आहे. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असेही ते तेथे म्हणतात.

मंडळी, या शेवटच्या गोष्टीवर क्षणभर थांबावे असे मला वाटते. परदेशात माणूस चार नव्या गोष्टी शिकतो हे आपण नेहमी म्हणतो. पण त्याहून मोठे असे की, काही गोष्टी तो विसरतो. ताठ मानेने चालणे हेच स्वाभाविक आहे असे त्याला वाटू लागते. मग तो घरी येतो आणि घर त्याला विसरलेले सारे पुन्हा पाठ करायला लावते. आनंदीबाईंना जागा होती, आयुष्य उरले नव्हते. येथे आयुष्य होते, विद्या होती, राज्याचे नेमणूकपत्र होते. एक खोली तेवढी मिळाली नाही.

तिसरे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. हे नाव आपल्यापैकी काहींना अपरिचित असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. खानखोजे वर्ध्याचे. विसाव्या शतकाच्या आरंभी तरुणपणीच त्यांनी देश सोडला, तो स्वातंत्र्यासाठी शस्त्रविद्या शिकावी म्हणून. जपानमार्गे ते अमेरिकेत पोचले. तेथे गदर चळवळीच्या संस्थापकांत ते होते आणि त्याच वेळी शेतकीचे शिक्षणही घेत होते. पहिल्या महायुद्धात ते इराणच्या बाजूने इंग्रजांशी लढले. पुढे बर्लिन झाले, मॉस्को झाले, आणि १९२४ साली ते मेक्सिकोत जाऊन पोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या नव्या जाती काढण्याचे काम त्यांनी केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. देएगो रिवेरा हा त्या देशाचा थोर चित्रकार. मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या इमारतीच्या भिंतीवर त्याने रोजच्या भाकरीचे चित्र काढले आहे. त्यात सर्वांबरोबर मेजाशी बसून भाकरी मोडणारा माणूस म्हणून त्याने आपल्या या वर्ध्याच्या माणसाला रंगवले. परक्या देशाने एखाद्याला याहून मोठी जागा कोणती द्यावी?

देश स्वतंत्र झाला. १९४९ साली तेव्हाच्या मध्यप्रांत सरकारने त्यांना शेतीविषयी सल्ला देण्यासाठी बोलावले. चार दशकांनंतर खानखोजे मायदेशी आले, तो विमानतळावरच त्यांना अडवण्यात आले. का? तर इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि ती यादी अजून चालू होती! राज्य गेले, निशाण बदलले, पण कपाटातली यादी कोणी बदलली नाही. ज्याने देशासाठी घर सोडले, त्यालाच देशाच्या दारात, तू कोण, असे विचारले गेले. पुढे हा घोळ मिटला. १९५५ साली ते कायमचे परत आले, नागपूरला राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच वारले. त्यांच्या कन्येने त्यांचे चरित्र लिहिले आहे. २०२२ साली मेक्सिकोत, चापिंगोला, त्यांचा पुतळाही उभा राहिला. आपल्याकडे मात्र नागपूर-वर्ध्याबाहेर त्यांचे नाव सांगितले तर किती जण ओळखतील? पिकते तिथे विकत नाही, असे आपण म्हणतो. येथे तर दुसऱ्याच्या शेतात पिकलेले आपले बियाणे कोणी हौसेने आणून दिले, आणि आपण ते फडताळात ठेवून विसरलो.

आता आपल्या गावी येऊ. १९३४ साली बाबासाहेब आपल्या काही सहकाऱ्यांसह वेरुळची लेणी पाहायला या भागात आले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून मंडळी थांबली आणि प्रवासाची धूळ उतरवण्यासाठी दरवाज्याजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. त्यावरून गलका झाला. हौद बाटवला म्हणून लोक धावून आले. अखेर आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर आणि बरोबर एक शिपाई देऊन त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. बडोद्यात हिंदू आणि पारशी, येथे मुसलमान. अस्पृश्यतेच्या बाबतीत सारे एका माळेचे मणी, हा धडा त्यांनी या प्रसंगातून नोंदवून ठेवला.

आणि सोळा वर्षांनी, १९५० साली, याच माणसाने याच औरंगाबादेत कॉलेज काढले! मराठवाडा तेव्हा निजामाच्या राजवटीतून नुकता सुटलेला. उच्च शिक्षण घ्यायचे तर बहुतेकांना हैदराबादची वाट धरावी लागे, आणि ती परवडणारे थोडे. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे जागा घेतली. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. इमारतींचे आराखडे आणि आवारातील झाडांची लागवड यांत बाबासाहेबांनी जातीने लक्ष घातले. त्या कॉलेजला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा, मनमोकळेपणाने प्रश्न विचारणारा. आणि नागसेन म्हणजे त्याला तितक्याच मोकळेपणाने उत्तरे देणारा भिक्षू. ज्यांना आजवर शाळेच्या पायरीवर बसवले होते, त्यांच्या मुलांसाठी काढलेल्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव द्यावे, यात फार मोठे औचित्य आहे.

मला नेहमी असे वाटते की, बाबासाहेबांचे मायदेशी परतणे १९१७ साली मुंबईच्या धक्क्यावर सुरू झाले आणि ते या नागसेनवनात येऊन पुरे झाले. ज्याला एक खोली नाकारली गेली, त्याने हजारो मुलांना पुरतील इतक्या खोल्या बांधल्या. ज्याला हौदाला शिवू दिले नाही, त्याने त्या हौदापासून तीन-चार कोसांवर ज्ञानाची पाणपोई घातली. पण याचे श्रेय आपण गावाकडे घेऊ नये. ती त्या एका पुरुषाची थोरवी. प्रत्येक परतणाऱ्याने आंबेडकर व्हावे, मग आम्ही त्याला जागा देऊ, असे गावाला म्हणता येणार नाही. सामान्य माणसालाही सुखाने परतता आले पाहिजे. गावाची परीक्षा तेथे असते.

आणि सामान्यांचे परतणे मराठवाड्याने पाहिलेले आहे. १९४७-४८ साली रझाकारांच्या धामधुमीत येथली कितीतरी कुटुंबे रातोरात हद्द ओलांडून वऱ्हाडात, नगरकडे, सोलापूरकडे गेली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती परतली. कोणाच्या घराला दारे राहिली नव्हती, कोणाच्या गोठ्यात जनावर उरले नव्हते. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्याच्या काही भागांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला आणि त्यांतली काही गाव सोडून गेली ती कायमची. दोन्ही बाजूंची ही आठवण अप्रिय आहे. पण ती सोडून दिली तर परतण्याचा अर्थच कळणार नाही. शेजाऱ्याने दार राखले तरच परतणाऱ्याला घर मिळते. सरकार फार तर रस्ता खुला करून देते.

आजचेच पाहा. आपण येथे वसंतातली व्याख्याने ऐकत बसतो, त्याच सुमारास बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे साखर कारखान्यांचा हंगाम आटोपून परतलेली किंवा परतीच्या वाटेवर असतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरायचा, पाच-सहा महिने फडावर पालात काढायचे. त्यांचे परमुलूख म्हणजे पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटक, अंतर थोडेच. पण त्यांचे मूल परत येते तेव्हा शाळेतले वर्ष पुढे निघून गेलेले असते. फिलाडेल्फियाहून येणाऱ्याला जागा द्यावी असे म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरच्या फडावरून येणाऱ्या या मुलाला वर्गात जागा आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे.

दुसरीकडे आपली शिकलेली मुले. येथल्या कॉलेजांतून बाहेर पडतात, पुण्याला जातात, तेथून अमेरिकेला, जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला. त्यांतले काही परत येऊ पाहतात. कोणाला आईबाप थकलेले दिसतात, कोणाला तिकडे करमत नाही, कोणाला येथे काही करून दाखवायचे असते. त्यांना आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "कधी आलास? किती दिवस आहेस?" प्रश्न प्रेमाचाच. पण त्यात तो पाहुणा आहे हे आपण गृहीत धरलेले असते. आणि "आता इथेच राहणार" असे त्याने सांगितले, की आपला चेहरा पडतो. तिकडे काही बिनसले का, नोकरी गेली का, अशी कुजबूज सुरू होते. जाणाऱ्याचा आपण सत्कार करतो आणि राहायला आलेल्याकडे संशयाने पाहतो, ही आपली रीत मोठी चमत्कारिक आहे.

येणाऱ्याकडूनही चुकते, हे सांगितलेच पाहिजे. त्याच्या तोंडी एक शब्द असतो: "आमच्याकडे." आमच्याकडे रस्ते असे, आमच्याकडे नळाला चोवीस तास पाणी. ज्या शहराने नळाच्या पाण्याची दिवसच्या दिवस वाट पाहिली आहे, त्याला हे ऐकवण्यात काय शहाणपण? हे "आमच्याकडे" ज्या दिवशी तिकडचे न राहता इकडचे होईल, त्या दिवशी तो खरा परतला असे समजावे. तोवर त्याने थोडे थांबावे, पाहावे, विचारावे. अंबराने या गावाला पाणी दिले ते आधी येथल्या डोंगरांचा उतार समजून घेऊन.

पण यजमानाची जबाबदारी मोठी, कारण घर त्याचे आहे. पैसा न लागणाऱ्या तीन गोष्टी आपल्याला करता येतील. जाणाऱ्याला टोचून निरोप देऊ नये. राहायला घर शोधीत आलेल्याला आधी जात आणि धर्म विचारू नये. बडोद्याची ती बाग अजून पुरती रिकामी झालेली नाही, हे भाड्याने खोली शोधणाऱ्या कोणत्याही तरुणाला विचारा. आणि त्याच्या हातात काय आहे ते मोकळेपणाने बघावे. "किती दिवस आहेस?" याऐवजी "काय शिकून आलास, आणि त्यातले येथे काय करता येईल?" एवढे जरी आपण विचारू लागलो, तरी एखादा खानखोजे विमानतळावर अडणार नाही आणि आल्यावर विस्मृतीतही जाणार नाही.